पहिल्या दिवसाचा नमुना

नोकरीत असताना कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी "लॅबमध्ये असते" एवढंच सांगायची. आणखी खोदून विचारलं तर "व्हायरसच्या लॅबमध्ये." त्यापुढे जाऊन कुणी कुठला व्हायरस असं विचारलंच, तर मी चहा टाकायला उठायची. "हर्पिस" हा शब्द हळदीकुंकवाच्या घोळक्यात उच्चारला की बायका हातातला तिळगूळ सांभाळत एक पाऊल मागे सरकतात, हे मी एका संक्रांतीला अनुभवलं होतं. त्या सरकणाऱ्यांपैकी निम्म्या जणींच्या ओठाच्या कोपऱ्यावर त्याच व्हायरसच्या जुन्या खुणा होत्या, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. पण सणासुदीला कुणाचा रंग उडवू नये म्हणून गप्प राहिले.

मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बेंगळुरूला आले आणि इथलीच झाले. मल्लेश्वरममधल्या एका खासगी लॅबच्या विषाणू विभागात तीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम केलं. के. आर. पुरमहून आधी बसने, नंतर नंतर मेट्रोने. लॅबमध्ये मला सगळे इंदुअक्का म्हणत. मागच्या वर्षी निवृत्त झाले. इथल्या मराठी मंडळाच्या या अंकासाठी संपादकांनी "तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा" असं सांगितलं. गमतीदार आहेत, तेही लिहिते. पण मला जे लिहायचंय ते वेगळं आहे, आणि ते मी एका माणसासाठी लिहितेय. त्याच्यापाशी पोचायला थोडा वेळ लागेल, कारण आधी हा व्हायरस काय चीज आहे ते सांगायला हवं.

ताप उतरताना ओठावर येणारे फोड, कांजिण्या आणि नागीण ही तिन्ही एकाच कुळातल्या विषाणूंची कामं. कुळाचं नाव अल्फाहर्पिस. गाईगुरांमध्ये, डुकरांमध्ये, कोंबड्यांमध्ये यांचे आणखी भाऊबंद आहेत. यांची रीत साधारण एकच. ओठाच्या किंवा कातडीच्या पेशीला आधी नुसतं चिकटायचं, मग तिच्या दारावरच्या ठरावीक जागी हात घालायचा आणि आत शिरायचं. आत गेल्यावर पेशीचं स्वतःचं काम बंद पाडायचं आणि तिच्याच सामानावर स्वतःच्या प्रती काढत बसायचं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या शरीराचे शिपाई काय करत असतात? ते असतात जागेवर. प्रत्येक पेशीला एक सवय असते. आत काय बनतंय त्याचे बारीक तुकडे ती बाहेर, आपल्या दारात मांडून ठेवते. गस्तीवरच्या पांढऱ्या पेशी ते बघत पुढे जातात, आणि काही परकं दिसलं तर त्या पेशीलाच संपवतात. हा विषाणू आत शिरला की हे तुकडे दारापर्यंत नेणारी वाटच बुजवून टाकतो. दारात परकं काही दिसत नाही, शिपाई पुढे निघून जातो. अँटिबॉडी येऊन चिकटली तर हा तिचं शेपूट धरून ठेवतो, कारण मदतीला हाक मारायचं काम त्या शेपटाकडे असतं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

एवढ्यावर हा थांबत नाही. कातडीखालच्या नसेत शिरून तो त्या नसेतून वर वर जातो. ओठावरचा असेल तर कवटीच्या तळाशी नसांची एक गाठ असते, तिथे पोचतो आणि गप्प बसतो. इतका गप्प, की स्वतःचं जवळजवळ काही बनवतच नाही. जे बनलंच नाही ते दारात कसं मांडलं जाणार? शिपायांना संशय असतो, ते त्या गाठीभोवती वर्षानुवर्षं बसून राहतात. पण नसेची पेशी मेली की पुन्हा उगवत नाही, म्हणून तिला मारायला शरीर कचरतं. मग कधी ताप येतो, कधी ऊन लागतं, कधी माणूस खचतो, आणि हा उठून आल्या वाटेने पुन्हा ओठावर येतो. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट एका फोडावर संपते. फार क्वचित, लाखात एखाद्याच्या नशिबी, तो ओठाकडे न येता मेंदूकडे जातो. का जातो ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही.

लॅबमध्ये आमचं काम त्याला पकडण्याचं. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही बाटल्यांमध्ये माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवायचो. त्यांना दर दोन-तीन दिवसांनी खाऊ घालावं लागे. गौरी-गणपती असो की माझ्या नणंदेचं लग्न, बाटल्यांना सुट्टी नव्हती. रुग्णाचा नमुना त्यात घालायचा आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. लांबट, एकमेकींना चिकटलेल्या पेशी फुगून भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या गोल झाल्या की समजायचं, आला. नंतर पीसीआर आलं आणि दिवसांचं काम तासांवर आलं. ते काय असतं हे आता कुणाला समजवावं लागत नाही, कोविडने गल्लीतल्या भाजीवाल्यालाही शिकवलंय.

नागिणीचे नमुने तर कायमचे. कन्नडमध्ये नागिणीला सर्पसुत्तु म्हणतात, आणि तोंड-शेपटी जुळली की माणूस जातो ही समजूत इथेही आपल्यासारखीच आहे. एकदा फुलं विकणाऱ्या पुट्टम्मा नावाच्या बाईंना चामडीच्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं. कंबरेच्या डाव्या बाजूला पट्टा, आणि त्यावर जाणत्या माणसाकडून केम्मण्णु, म्हणजे आपला गेरू, जाड लिंपून घेतलेला. फोडातला द्रव मिळवायला मला आधी अर्धा तास गेरू भिजवून काढावा लागला. बाई कण्हत म्हणाल्या, "अक्का, स्वल्प बघून सांग, शेपूट कुठवर आलंय?"

मी त्यांना सांगितलं की हे डाव्या बाजूच्या एका नसेतून आलंय, ते मधली रेघ ओलांडून उजवीकडे सहसा जात नाही. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना, तोच विषाणू पाठीच्या कण्याशेजारी झोपून राहिला होता, आता उठला. इथे कांजिण्यांना अम्मा म्हणतात. पुट्टम्मा म्हणाल्या, "म्हणजे अम्मा पन्नास वर्षं माझ्याजवळच होती? आणि मी तिला एक नारळसुद्धा दिला नाही." पुढे बऱ्या झाल्यावर त्या लॅबमध्ये मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या. आम्ही बाहेरची फुलं आत नेत नाही, म्हणून तो मी घरी येईपर्यंत पिशवीत सुकला.

दुसरी आठवण एवढी गोड नाही. पुण्याहून इथे आलेल्या, आयटीतल्या मुलाची आई. होणाऱ्या सुनेच्या ओठावर साखरपुड्याच्या दिवशी फोड दिसला म्हणून यांनी कुठूनतरी तिची रक्तचाचणी करवून घेतली होती आणि कागद घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. "मॅडम, हे क्लिअरली पॉझिटिव्ह लिहिलंय. म्हणजे मुलीचं कॅरेक्टर..." मी म्हटलं, "लहानपणी कुणा मावशी-आत्याने पापी घेतली की मिळतो हा. तुमचंही रक्त तपासू या का? बहुतेक पॉझिटिव्हच येईल." त्या उठून गेल्या. ते लग्न मोडलं असं नंतर कळलं. मी टोमणा न मारता नीट समजावलं असतं तर कदाचित मोडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

आता आमच्या भटसरांबद्दल. विभागाचे प्रमुख, मंगळूरकडचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी आमच्या अंगवळणी पाडला होता. निकाल कधीही एका वाक्यात सांगायचा नाही. डॉक्टरांचा फोन आला, "इंदुअक्का, निगेटिव्ह का?" तर "निगेटिव्ह" म्हणून फोन ठेवायचा नाही. दुसरं वाक्य सांगायचंच: नमुना आजाराच्या कितव्या दिवशीचा आहे आणि त्यामुळे या निगेटिव्हवर किती भरवसा ठेवायचा. मेंदूच्या तापात तर हे फारच महत्त्वाचं. त्यात पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी तपासतात. पण सुरुवातीला विषाणू मेंदूच्या आतच असतो, त्या पाण्यात उतरलेला नसतो. पहिल्या एक-दोन दिवसांच्या नमुन्यात तो सापडला नाही म्हणजे तो नाही असं नाही. औषध चालू ठेवायचं आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाणी तपासायचं. भटसर म्हणायचे, "पहिलं वाक्य मशीन सांगतं, अक्का. दुसऱ्यासाठी तुम्हाला ठेवलंय." आणि दुसरा नियम, नातेवाइकांशी निकाल बोलायचाच नाही. तो सगळ्याच लॅबमध्ये असतो.

हे दोन्ही नियम मी एकाच फोनवर मोडले. त्याची ही हकीकत. नावं बदलली आहेत.

सरोजताई पुण्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मुलगी मुग्धा बेळ्ळंदूरला नोकरीला, म्हणून त्या आणि त्यांचे यजमान श्रीधरराव तिच्याकडे राहायला आले होते. सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी त्या मुलांना मराठी शिकवायच्या. आमची ओळख मंडळाच्या कार्यक्रमात झाली. मी "काय करायलाय ओ?" असं काहीतरी बोलले आणि त्या वळून म्हणाल्या, "निपाणीकडच्या का? पुन्हा बोला ना." त्या दिवसापासून मी रविवारी त्यांच्या वर्गाला मदतीला जायला लागले. फळ्यावर त्या लिहायच्या, मी मुलांच्या वह्या बघायची. माझ्या शब्दांना त्या हसायच्या आणि घरी गेल्यावर तेच शब्द श्रीधररावांवर वापरायच्या. या शहरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती, पण अगंतुगं करणारी मैत्रीण मला साठीजवळ मिळाली.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मुग्धाचा फोन आला. "इंदूमावशी, आई विचित्र वागतेय. काल संध्याकाळपासून ताप आहे. दूध करपलं, दूध करपलं म्हणत चारदा किचनमध्ये जाऊन आली. दूध फ्रीजमध्येच आहे. मला ती माझ्या मावशीच्या नावाने हाक मारतेय." नसलेला वास येणं, माणसांची नावं चुकणं; हा विषाणू मेंदूच्या ज्या भागात शिरतो, तिथे वास आणि आठवणी शेजारी शेजारी राहतात. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये ने."

त्यांनी नेलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी त्याच दिवशी पाठीतून पाणी काढलं आणि निकालाची वाट न बघता सलाईनमधून औषध सुरू केलं. हे औषध मोठं युक्तीचं आहे. एरवी ते निपचित असतं. विषाणू स्वतःच्या हाताने ते जागं करतो आणि मग तेच त्याच्या प्रती काढणं बंद पाडतं. जिथे विषाणू आहे तिथेच औषध काम करतं. फक्त मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, पाणी भरपूर द्यावं लागतं, डोस सांभाळावा लागतो.

नमुना आमच्याकडे आला. फॉर्मवर लक्षणं सुरू झाल्याचा दिनांक होता आणि नमुना घेतल्याचा होता. मध्ये एक रात्र. मी तो फॉर्म वाचला, नोंदवहीत माझ्या हाताने दोन्ही तारखा लिहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. पडद्यावर सरोजताईंच्या नावाची रेघ शेवटपर्यंत आडवी राहिली. निगेटिव्ह.

मी बाहेर जिन्यात गेले आणि मुग्धाला फोन केला. म्हटलं, "निगेटिव्ह आलंय गं. काळजी करू नकोस." ती रडायला लागली, मीही रडले. मग भानावर येऊन म्हटलं, "मी सांगितलं असं कुणाला सांगू नकोस हं, बाबांनासुद्धा. माझी नोकरी जाईल." ती म्हणाली, "नाही सांगणार, मावशी. प्रॉमिस."

दुसरं वाक्य मी बोललेच नाही. तीस वर्षांत किती डॉक्टरांना ते सांगितलं असेल, काही जण वैतागून म्हणायचेही, माहीत आहे हो अक्का. त्या दिवशी ते मला माहीत नव्हतं असं नाही. तारखा मीच लिहिल्या होत्या. पण मला निगेटिव्ह हवं होतं. हवं होतं ते मिळाल्यावर मी त्याच्यापुढे बघितलं नाही, एवढंच त्याचं खरं उत्तर आहे.

त्याच संध्याकाळी तिकडे सरोजताईंच्या रक्ताचा अहवाल आला होता आणि मूत्रपिंडावर ताण दिसत होता. मोठे डॉक्टर दोन दिवस गावाला गेले होते; जाताना श्रीधररावांना सांगून गेले होते की काही झालं तरी सलाईन बंद करायची नाही, फक्त डोस कमी करतील. मुग्धा मात्र निगेटिव्हच्या भरवशावर तिथल्या तरुण डॉक्टरांशी भांडली. आईला तो आजार नाहीच तर तिच्या किडन्या का घालवताय? श्रीधरराव म्हणत होते थांब, डॉक्टर येईपर्यंत थांब. ती थांबली नाही. कागदावर सही करून तिने औषध बंद करायला लावलं. आमचा छापील अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्यात खाली ते दुसरं वाक्य होतं, बारीक अक्षरात. निकाल आधीच कळलेला असल्यावर बारीक अक्षरं कोण वाचतं.

चौथ्या दिवशी सरोजताईंना झटके आले. पुन्हा पाणी काढलं, पुन्हा नमुना आमच्याकडे. डबीवरचं नाव वाचून माझी सहकारी म्हणाली, "अक्का, मी लावते." मी नाही म्हटलं. या वेळी रेघ लवकरच उठली आणि सरळ वर गेली. मी तो निकाल भटसरांच्या टेबलावर ठेवला, त्यांना पॉझिटिव्ह आणि नमुना कितव्या दिवशीचा ही दोन्ही वाक्यं सांगितली आणि घरी आले. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हटलं डोकं दुखतंय.

औषध पुन्हा सुरू झालं, पूर्ण दिलं. सरोजताई वाचल्या. चालतात, जेवतात, गाणं गुणगुणतात, पाढे न चुकता म्हणतात. पण नवीन काही राहत नाही. दहा मिनिटांपूर्वी काय झालं ते माहीत नाही, आणि आजाराच्या आधीची सात-आठ वर्षंही पुसून गेली. त्यांच्या लेखी त्या पुण्याच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत आणि मुलीकडे चार दिवस आल्या आहेत. माझी त्यांची ओळख पाच वर्षांची. म्हणजे मी त्यांच्यासाठी कुणीच नाही.

श्रीधररावांनी मुग्धाला माफ केलं नाही. आई घरी आल्यावर सहा महिने ते त्या घरात राहिले, तिच्याशी न बोलता. मग एक दिवस "माझं ऐकलं असतंस तर" एवढं बोलून पुण्याला निघून गेले. तेव्हापासून मुग्धाचा फोन उचलत नाहीत. मुग्धाने वडिलांना एकदाही सांगितलं नाही की तिला निगेटिव्ह कुणी कळवलं होतं. मला शब्द दिला होता म्हणून. मी हे बघत होते, आणि नोकरी सांभाळत होते.

दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जाते. सरोजताई दार उघडून विचारतात, "आपण कोण?" मी सांगते. माझं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा खुलतो. "निपाणीकडच्या का? पुन्हा बोला ना." दर गुरुवारी हेच. पहिल्यांदा हे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

मग मला एक वाईट सवय लागली. मुग्धा तिच्या खोलीत मीटिंगमध्ये असली की मी सरोजताईंना सगळं सांगायला लागले. म्हणजे, माझी एक मैत्रीण होती, तिच्या तपासणीचा निकाल मी अर्धाच सांगितला, त्यात तिचं फार नुकसान झालं. त्या मन लावून ऐकायच्या, माझा हात हातात घ्यायच्या. म्हणायच्या, "चुकतं हो माणूस. तुम्ही काय मुद्दाम केलंत?" मी हलकी होऊन घरी यायची. पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्या दर वेळी माफ करायच्या आणि विसरायच्या. अशी किती वेळा माफी घेतली मी त्यांच्याकडून, आठवत नाही. दुखणं त्यांचं, आणि त्याच्यावर मी स्वतःला बरं करून घेत होते.

निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. असंच सांगत होते. त्या दिवशी का कोण जाणे, मी मैत्रिणीच्या मुलीचंही सांगितलं. ती स्वतःला दोष देते, तिचे वडील तिच्याशी बोलत नाहीत, असं. सरोजताईंनी हात काढून घेतला. वर्गात एखाद्या मुलाने दुसऱ्याची वही लपवल्यावर त्या ज्या आवाजात बोलायच्या, त्याच आवाजात म्हणाल्या, "मग हे मला काय सांगता? त्या मुलीला सांगितलंत का?"

मी म्हटलं, "नाही."

"जा आधी. इथे काय बसलात?"

मी उठले आणि मुग्धाच्या खोलीचं दार वाजवलं. ती कानावरचा हेडफोन काढून म्हणाली, "काय झालं, आई ठीक आहे ना?" मी दारातच उभी राहून सांगितलं. की पहिल्या दिवसाच्या पाण्यात तो सापडतच नाही पुष्कळदा. औषध बंद करायचं नसतं. पुन्हा तपासायचं असतं. हे सांगायचं माझं काम होतं आणि ते मी तुला सांगितलं नाही.

तिने लॅपटॉप मिटला. "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मला वाटायचं टेस्ट चुकली. मशीन आहे, चुकू शकतं. मशीनवर काय चिडायचं, म्हणून मी माझ्यावरच चिडत राहिले." बाहेर सरोजताई पाढा म्हणत होत्या. मी जायला वळले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, माझं प्रॉमिस आता मोडलं तर चालेल?"

मी म्हटलं, "कधीच मोडायला हवं होतंस. आत्ताच फोन लाव त्यांना, मी बोलते."

"नाही उचलणार. बेंगळुरूचा कुठलाच नंबर उचलत नाहीत ते. आणि मी मेसेज केला तर वाटेल, स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलतेय. तुम्ही लिहा. छापून येईल असं लिहा. आपल्या मंडळाचा अंक त्यांना अजून पोस्टाने जातो, आईचं नाव होतं ना संपादनात. तो मात्र ते वाचतात, जाहिरातींसकट. पुण्याची काकू सांगत होती."

रागावली का, हे मी तिला विचारलं नाही. गुरुवारी येऊ नका असं तिने म्हटलं नाही, पण चहाही विचारला नाही. दोन्ही बरोबरच होतं.

तेव्हा श्रीधरराव, तुम्ही इथवर आला असाल तर तुम्हाला नावं बदललेली कळली असतील. ती सलाईन मुग्धाने माझ्या शब्दावर बंद करायला लावली. तो शब्द अर्धा होता, आणि तो अर्धा आहे हे फक्त मला माहीत होतं. तुम्ही बरोबर होतात. पण तुमच्याशी भांडणारी तुमची मुलगी हट्टी नव्हती, तिला चुकीचं सांगितलं गेलं होतं. तिने तीन वर्षं माझं नाव तुमच्यापासून लपवलं, कारण मी तसं मागितलं होतं. तुम्हाला रागवायचं असेल तर मी आहे. माफी मी मागत नाही. ती फार वेळा फुकट घेऊन झाली आहे.

आणखी एक सांगायचं आहे. सरोजताई रोज सकाळी उठल्यावर विचारतात, "हे कुठे गेले?" मुग्धा सांगते, फिरायला गेलेत, येतीलच इतक्यात. त्या बरं म्हणतात आणि तुमचा कप पालथा घालून ठेवतात. दुपारी पुन्हा विचारतात. तुम्ही घर सोडून गेलात हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी ते राहणार नाही. तुम्ही आलात, तर त्यांच्यासाठी तुम्ही नुसते फिरून आलेले असाल.